बी. पी. ए.

फॉर्मवर बाबांची सही हवी होती.
त्यांनी तो टाइपरायटरवर ठेवून दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा चष्मा पुसून.
‘पी म्हणजे?’
‘परफॉर्मिंग.’
‘म्हणजे नाटकच ना. सरळ म्हण.’
सही केली. खाली रेघ ओढली नाही.
एरवी ओढतात.

सूरसागरसमोरच्या त्या इमारतीत
पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती करवत आली.
वर कुणीतरी तबला लावत होतं,
खाली आम्ही सात जण
सहा बाय चारची चौकट काटकोनात बसावी म्हणून
कर्ण मोजत होतो.
दहावीनंतर टाकून दिलेला पायथागोरस
फेविकॉलने बोटांना चिकटून परत आला.
तेजलने विचारलं, सर, आपण सुतार होणार की नट?
हर्षवदन सर म्हणाले,
आधी खिळा सरळ जाऊ दे.

मग ग्रीक आले. मग भरताचे रस;
आई म्हणाली, हे तर लोणच्याच्या प्रमाणासारखं आहे.
कोणत्या फ्यूजवर किती दिवे,
कापड चहात किती वेळ बुडवलं की शंभर वर्षं जुनं दिसतं,
आणि तिकिटांचा तो ताळेबंद
ज्यात अठरा रुपये शेवटपर्यंत जुळले नाहीत.
शेजारची कॉमर्सवाली विचारायची, तुझा मेन सब्जेक्ट कोणता गं?
मी तोंड उघडायचे
आणि आधी सुतारकामच आठवायचं.

दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं:
एक अनोळखी माणूस निवडा,
दिवसभर त्याच्या मागे राहा, त्याची चाल घेऊन या.
पिनाकिन मंगळबाजारातल्या बांगडीवाल्याच्या मागे गेला,
शिरीन खंडेराव मार्केटात.
मी उशिरा उठले. रावपुऱ्यात पोचले तर
कोठी कचेरीकडून बाबा येताना दिसले,
भर दुपारी, अर्ज टंकायच्या वेळेला.
‘अनोळखी’ ही अट मी मनातल्या मनात थोडी वाकवली.

दर तिसऱ्या खांबाला पिशवीचा हात बदलतात.
एक पाय जरा मागे रेंगाळतो,
जणू त्याला कुणी हाक मारलीय.
पोस्टापाशी त्यांना एक अशील भेटला.
‘बेबी सूं भणे छे?’
‘बीपीए,’ बाबा भरभर म्हणाले.
‘ओहो, बीबीए! सरस, सरस.’

प आणि ब, दोन्ही ओष्ठ्य.
फरक फक्त घोषाचा.
आवाजाच्या तासाला गळ्यावर बोटं ठेवून शिकलो होतो:
कंठ थरथरला तर ब.
बाबांचा थरथरला का,
ते मला मागून दिसलं नाही.
त्यांनी मान हलवली एवढं दिसलं.
मी चिडले नाही. म्हणजे चिडले,
पण वहीत लिहिलं:
होकार देताना मान आधी खाली, मग बाजूला.

परीक्षेच्या प्रयोगाला ते आले,
शेवटच्या रांगेत, दाराजवळ,
मांडीवर पिशवी.
मला एका कारकुनाची भूमिका होती, मिशी लावून.
सहा मिनिटं, चार वाक्यं.
बाकी सगळं चालणं.
लोक हसले, मग हसायचे थांबले,
आणि कधी थांबले ते मला कळलं
याचा मला आजही गर्व आहे.

बाहेर स्कूटरपाशी बाबा उभे राहिले.
तळ्यावरचे दिवे लागले होते.
‘तो तुझा कारकून. उजवा पाय ओढत होता ना?’
‘हो.’
‘माझा डावा दुखतो.’

महिनाभर आरशासमोर तालीम केली होती मी.

त्यांनी उजव्या पायाने किक मारली,
क्षणभर सगळं वजन डाव्यावर आलं.
इतकी वर्षं या स्कूटरवर मागे बसत आले,
तो क्षण मी कधी पाहिलाच नव्हता.
सुरू झाली नाही. पुन्हा मारली.
मी काही बोलले नाही; कुठल्याच पेपरात
यावर प्रश्न नव्हता.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.
‘बस,’ ते म्हणाले,
आणि मी बसल्यावर, मागे न बघता,
‘मान मात्र बरोबर होती.
आधी खाली.
मग बाजूला.’