समुद्र डावीकडे

मंगळवारी रात्री पावणेदहाला फोन आला.
बूट दारात ओळीनं मांडलेले, थर्मास धुऊन पालथा,
ओटिसची बॅग तीनदा भरून तीनदा उपसलेली.
याहाट्सच्या लॉजची बाई, टॉलेफसन आडनावाची,
आधी हवेबद्दल बोलली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.
मग म्हणाली, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटलाय,
तुमच्या खोलीचं छत तुमच्याच पलंगावर उतरलंय.
पैसे परत करते म्हणाली,
आणि माझ्याआधी तीच रडायला लागली,
तेव्हा समजूतही मलाच काढावी लागली.

डेस्मंडनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.
मुक्कामाच्या दर गावावर शर्टाचं एकेक बटण:
अस्टोरिया, टिलामूक, याहाट्स, बँडन, गोल्ड बीच.
मधलं उचललं
आणि अख्खा किनारा उसवला.

न्यूपोर्टला खोली होती, पण शनिवारी.
बँडनवाला म्हणाला, गुरुवार देतो, शुक्रवारचं विचारू नका.
अस्टोरियात उद्या कुणाचं तरी लग्न,
आणि आमची खोली सोडून
सगळं ओरेगन त्या लग्नाला निघालेलं.
साडेअकराला आम्ही भांडलो, आवाज न चढवता,
मुलं झोपलीत अशा समजुतीत.
मुलं जिन्यात बसली होती.

उलटं जा ना, रेन तिथूनच म्हणाली.
खालून वर.

बटणं फिरवून पाहिली. बसली.
फ्लोरेन्सला एक नवं लागलं, रंग न जुळणारं,
पण काजं भरली.

मग रेन गप्प झाली.
महिनाभर भांडी घासून तिनं ओटिसकडून
उजवीकडची खिडकी विकत घेतली होती.
करार फ्रिजवर, चुंबकाखाली, दोघांच्या सह्यांसह.
वरून खाली येताना उजवीकडे समुद्र.
खालून वर जाताना उजवीकडे
डोंगराची कापलेली कूस, आणि झाडं, आणि झाडं.

करारात दिशा लिहिली नव्हती.
ओटिस सात वर्षांचा. त्यानं जिंकलेल्या माणसाची दया दाखवली:
मी सांगत जाईन तुला काय दिसतं ते.

आणि सांगत राहिला.
समुद्र.
अजून समुद्र.
एक पक्षी. गेला.
समुद्र.

गाडी मी चालवत होते. या खेपेला तो माझ्या बाजूला,
समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे,
डोळ्याच्या कोपऱ्यात चकाकणारा,
मान वळवली की डेस्मंड म्हणणार, रस्ता.

पोर्ट ऑरफर्ड मागे पडलं तेव्हा सासरे बोलले.
क्लिफर्ड दोन दिवस उशी मांडीवर घेऊन बसले होते,
कुठला मुक्काम हुकला, कुठला मिळाला,
त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं.
म्हणाले, सव्वीस वर्षं या रस्त्यानं ओंडके ओढले.
भरल्या ट्रकला समुद्र डावीकडे,
रिकाम्याला उजवीकडे.
रिकामा असलो की बघायचो.
भरलेला असलो की नुसता वास घ्यायचो.

कुणीच काही बोललं नाही.
थोड्या वेळानं रेननं तिच्या बाजूची काच उतरवली,
झाडांच्या बाजूची.
ओल्या सालीचा वास आला, डिझेलचा,
आणि त्यांच्याखालून, उशिरा, मिठाचा.
ओटिसची टोपी उडाली. करारात तेही नव्हतं.

शनिवारी दुपारी याहाट्स लागलं.
लॉजच्या छपरावर निळी ताडपत्री,
अंगणात गाद्या कुंपणाला टेकवून उन्हात ठेवलेल्या,
नऊ-दहा असतील.
तो आपला, रेन म्हणाली, तपकिरी डागवाला.
शिडीवर एक बाई उभी होती, पाठमोरी.
दोनदा वाजव, क्लिफर्ड म्हणाले, छोटे, ट्रकवाल्यांसारखे.
मी वाजवले.
तिनं मागे न बघताच हात वर केला,
हातात हातोडी होती.

मी वेग कमी केला नाही.
मागे ओटिस म्हणाला, समुद्र.