दहा बाय चौदा

नंदुरबारला, मिरचीच्या पथारींकडून येणाऱ्या रस्त्यावर
एक गाळा. दहा बाय चौदा, मागे भट्टीची खोली.
आधी इथं सायकलींचे पंक्चर काढायचे.
फरशीवर सोल्यूशनचे काळे डाग आहेत अजून,
ॲसिडनेही निघत नाहीत.
मी वहीत पहिली ओळ लिहिली : डाग राहणार.

फैयाज पिंजारी म्हणाले, आधी वाऱ्याचं बघा.
थंडीत पथारीवर मिरची उलथतात,
तिचा खकाणा आत आला तर
गिऱ्हाईक पाव शिंकत खाईल.
मग दार दीड हात सरकवलं,
पथारीकडे पाठ करून.
पाच वर्षं शिकले होते मी नाशकात,
आणि माझा पहिला नकाशा
एका शिंकेवर उभा राहिला.

दिवे मागवले होते मी. पिवळे, लोंबते, पितळी टोपीचे.
त्यांनी एक लावून बघितला.
खाली दोन पाव धरले, डावीउजवीकडे.
म्हणाले, ताई, यातला एक कच्चा आहे. कोणता?
मला सांगता येईना.
ते काहीच बोलले नाहीत,
दिवा उतरवून खोक्यात ठेवला, पेंढ्यासकट.
आता पांढरी ट्यूबलाइट आहे.
तिच्यात कच्चा पाव कच्चा दिसतो
आणि मी तापातून उठल्यासारखी.

माळ्यावर त्यांच्या वडिलांचं पिंजण होतं,
माणसापेक्षा लांब, हाताच्या घामानं मधे काळं पडलेलं.
मी म्हटलं, हे गल्ल्याच्या वर लावू,
लोक फोटो काढतील.
"त्याची तात तुटून वीस वर्षं झाली," ते म्हणाले,
"लाकूड चांगलं आहे. सागाचं."
दुसऱ्या दिवशी आले तर सुताराकडून परतही आलं होतं,
पुढे पत्र्याचं पातं ठोकून :
भट्टीत पाव सारायचा दांडा.
पाच फूट आठ इंच.
"आता माझ्यामागे एवढी जागा मोकळी सोडा.
दांडा मागे येतो तेव्हा कोणाच्या पोटात नको."

तेवढी सोडली. त्यात काचेचं एक कपाट गेलं.
दुसरं गेलं शकिलाबींमुळे.
त्या नकाशा बघत नव्हत्या, खडूनं आखलेल्या फरशीवर
चालून बघत होत्या, चप्पल काढून.
"दिवाळीले बाया डबा लई येतीन,
रवा, तूप, पिठीसाखर.
नानखटाई निघेपर्यंत त्या बसतीन कोठे?"
मी म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न.
त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
की मी बाक काढला. सात फुटी, भिंतीलगत,
खाली डबे ठेवायला फळी,
फळीवर नावं लिहायला काळा पट्टा.

एवढं सगळं मोजलं.
गल्ल्याची उंची तेवढी पुस्तकातून घेतली, छत्तीस इंच.
शकिलाबी चार फूट सात.

उद्घाटनाला गेले तेव्हा त्या
तुपाच्या पालथ्या डब्यावर उभ्या राहून
सुटे पैसे देत होत्या.
मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, उद्या सुतार आणते,
चार इंच कापून घेऊ.

"ऱ्हाऊ दे माय," त्या म्हणाल्या,
पुढच्या माणसाला टोस्टचा पुडा देत,
"आठून रस्ता दिखस."