दात मोजताना

दोंडाईच्याच्या प्लॉटवर बेलर उभा होता
हळद लागलेल्या नवरदेवासारखा.
लाल रंग अजून बोटाला चिकटत होता.
दोनच हंगाम चाललाय, मॅडम, मालक म्हणाला,
आणि मीटरनेही त्याचीच री ओढली :
तीन हजार एकशे बारा गठ्ठे.

सुपडूदादा काही बोलले नाहीत.
पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला.
मला म्हणाले, फिरव.
मी रोलर फिरवत राहिले, ते डोळे मिटून ऐकत राहिले.
पूर्वी ते बैलांचे दलाल.
दोन दाती, चार दाती, जुळलेला,
जबडा उघडून वय सांगायचे,
आणि भाव रुमालाखाली, बोटं दाबून.
आता बैल गेले, दात राहिले.
त्यांनी पिकअपचे दात मोजले.
अकरा नवे. म्हणजे अकरा तुटलेले.

मग टॉर्च घेऊन ते अर्धे आत शिरले,
बाहेर फक्त चपला आणि आवाज :
"याले आंबट खवाडेल शे, ताई!"

मी वाकले. खरंच.
रंगाच्या वासाखाली मुरघासाचा वास,
मक्याचं ते आंबलेलं पाणी
जे लोखंडाला घाई न करता खातं.
तळाचा पत्रा नखाने टोकरला
तर पापुद्रा सुटून आला, कोंड्याएवढा.
मालक म्हणाला, चहा सांगू?

सारंगखेड्याच्या पुलावर मी गाडी हळू केली.
खाली तापी, बॅरेजने अडवलेली, जाडसर.
दादा म्हणाले, इथं घोड्यांच्या बाजारातही
शेपटीला तेल लावून आणतात.
एवढंच म्हणाले.

शहाद्याच्या अलीकडे हिरालालभाईंच्या शेडमध्ये
दुसरा बेलर. रंग कुठला होता ते विचारावं लागलं.
चेंबरमध्ये कोंबडी बसली होती,
तिला आधी उठवलं, ती रागावली.
मीटर बंद. त्याऐवजी बाजूच्या पत्र्यावर
खिळ्याने ओढलेल्या रेघा, शंभर गठ्ठ्यांना एक.
मी मोजल्या. अठ्ठ्याऐंशी.
पहिल्या साठेक सरळ, घट्ट,
पुढच्या तिरप्या, दुसऱ्या हाताच्या.
मुलगा सुरतेला गेला, हिरालालभाई म्हणाले,
मग मीच ओढायचो.
डावं बेअरिंग दरवर्षी पोळ्याच्या सुमाराला जातं.
सुतळी ओली असली तर गाठ मारत नाही.
याने गव्हाचं काड सोडून काही खाल्लेलं नाही.

पेचकस कानाला लावून दादा बराच वेळ बसले.
डाव्या बाजूला त्यांच्या भुवया उचलल्या,
उजवीकडे खाली आल्या.
मग खांद्यावरचा टॉवेल काढला
आणि दोघांचे हात त्याच्याखाली गेले.

मी पाहत होते. टॉवेल हलत होता.
बावीस म्हशी माझ्या, डेअरीचा हप्ता माझा,
आणि भाव दोन म्हाताऱ्यांच्या बोटांत.
म्हटलं, दादा, हात काढा. मी घालते.
हिरालालभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं,
मग शेडच्या दाराकडे, कोणी बघतंय का.
मग टॉवेल थोडा उचलला.

त्यांचा हात सुक्या काडासारखा, हलका.
दादांनी पुटपुटत खूण शिकवली :
सगळी बोटं म्हणजे पाच, करंगळी सोडली की चार.
मी चार दाबली. त्यांनी करंगळीही ओढून घेतली.
मी सोडवली. पुन्हा ओढली.
तिसऱ्या वेळी करंगळी अर्धीच धरली
आणि ते हसले. म्हणजे साडेचार लाख.

ट्रॅक्टरला जोडून आम्ही निघालो तेव्हा
कोंबडी शेडच्या रिकाम्या जागेत येऊन उभी राहिली,
एक पाय वर धरून.

मी मात्र याला आंबटच खाऊ घालणार आहे.
श्रावण-भादव्यात मका चिकात आला की कापायचा,
दाबायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा.
त्याशिवाय चैत्रात दूध निघत नाही.
दादांना हे ठाऊक आहे. वाटेत ते त्यावर बोलले नाहीत.
पाच वर्षांनी कुणी टॉर्च घेऊन आत शिरेल,
आणि मी बाहेर उभी असेन, ताज्या रंगाजवळ
किंवा रंगाशिवाय. आज सांगता येत नाही.

घरी आल्यावर खिळा शोधला.
पत्र्यावर जागा आहे बरीच.