इतर (नमूद करा)

फॉर्मच्या पहिल्याच ओळीत छापलेलं : आईचे नाव.
मी 'आई'वर हलक्या हातानं काट मारली
अन् लिहिलं, धम्मपाल वासनिक.
मृण्मयी मॅडम म्हणाल्या, चालेल काका,
पुढच्या वेळी छापतानाच बदलू.
पंचविशीच्या असतील, भंडाऱ्याच्या. मला काका म्हणतात.
माझं वय चौतीस. पण रात्रपाळी
दोन वर्षांची तीन करून चेहऱ्यावर लिहिते.

संघमित्राची आई दिवसभर
दुसऱ्यांच्या लेकरांना लसी टोचते.
मी सकाळी सातला बुटीबोरीहून येतो,
अंघोळ, चहा, मंग मित्राला स्प्लिंट.
मे महिन्यात त्या प्लास्टिकच्या बुटात
पाय शिजतो. काढला की घोट्यावर लाल खळगे.
मी फुंकर घालतो, ती हसते.
फुंकर संपली की पुन्हा पाय पुढे करते.

लिफाफा माझ्यासमोरच फोडला.
आत चिठ्ठी : गट ब.
म्हणजे?
म्हणजे घरचे व्यायाम तुम्हाला सहा महिन्यांनी शिकवू.
तोवर फक्त मोजमाप. तुलनेसाठी, काका.
मॅडमनं मान खाली घातली,
जशी चिठ्ठी त्यांनीच काढली होती.
मी म्हटलं, राहू द्या,
थांबायची आपल्याला सवय आहे.
दाखल्यासाठी थांबलो, मान धरण्यासाठी थांबलो,
'बाबा' ऐकायला अजून थांबलोच आहे.

बाहेर बाकावर मोमिनपुऱ्याची निलोफर,
मांडीवर उजैर. गट अ.
माझे हात पाहून तिला राहवलं नाही.
'भाऊ, असं ओढू नका ना.
आधी टॉवेल गरम करा, मंग टाच धरा, बोटं नाही.
मनात तीस मोजा.
रडली तर रडू द्या, पण तीस सोडू नका.'
आधी उजैरच्या पायावर दाखवलं,
मंग मित्राच्या.
कूलर खडखडत होता, खस ओली होती.
कोणी पाहिलं नाही.
पाहिलं असेल त्यानं तोंड उघडलं नाही.
पुढच्या मंगळवारी कामठीचे एक आजोबा
विचारायला लागले, टाच कशी धरायची बाप्पा.
दाखवली.

नोव्हेंबरात मॅडमनी घोट्याशी कोनमापक लावला.
काढला. पुन्हा लावला.
सात अंश, म्हणाल्या. गट बमध्ये?
अन् माझ्यासमोर प्रश्न बावीस :
या काळात अन्य कोणती मदत मिळाली का?
नाही. हो. इतर (नमूद करा).

पेनाचं टोपण मी दातांत धरलं.
'नाही' लिहिलं तर त्यांच्या कागदावर निघेल
की नुसतं थांबल्यानंच पाय सुधारतो.
मंग कोणी साहेब म्हणणारच,
एवढा खर्च काहून करायचा?
'हो' लिहिलं तर निलोफरचं काय?
तिनं काही चोरलं नव्हतं.
दिलं होतं.
त्याला रकाना नव्हता.

मी 'इतर'पुढे लिहिलं : बाकावर.

मॅडमनी वाचलं. बराच वेळ वाचलं,
एका शब्दाला लागतो त्याहून जास्त.
मला वाटलं आता रागावतील,
दोन वर्षांची मेहनत अन् आम्ही अशी गडबड केली.
टेबलाखाली मित्रा माझ्या बोटांशी खेळत होती,
एकेक ओढून पाहत होती,
जसं मी तिची टाच.

प्रश्न तेवीस थकव्याचा होता,
कधीच नाही ते नेहमी, पाच गोल.
त्यावर आम्ही दोघंही आलो नाही.

मॅडमनी फॉर्म बाजूला सारला,
पिशवीतून साधी शाळेची वही काढली,
पान उलटलं, वर तारीख घातली.
म्हणाल्या, काका, नावं नका सांगू.
फक्त एवढं सांगा,
तो बाक किती जणांचा आहे?

तिघांचा, मी म्हटलं.
पाच बसतो.