शंभर टक्के

माझं काम टक्क्यांचं.
विमान परतलं की मेकॅनिक बुमके कंदील घेऊन भोवती फिरायचा,
भोकांत बोट घालून बघायचा,
बाजारात घोड्याचे दात बघावेत तसा,
आणि आकडा ओरडायचा. मी टंकायचो.
उजवं इंजिन, पंखाचं टोक : पंचवीस.
चाकं उघडली नाहीत, पोटावर घसरत आलं : चाळीस.
साठच्या पुढे भंगार.
जे आलंच नाही, ते शंभर.
त्या आकड्यासाठी बुमकेला उठवावं लागत नसे.

ऑफिस म्हणजे पिकार्दीतल्या एका गावची शाळा.
बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला टेकत.
फळ्यावर कुणा पोराची वजाबाकी अर्धी राहिलेली,
हातचा घेतलेला, उत्तर नाही;
पुसायचं प्रत्येकाच्याच जिवावर आलेलं.
बाहेर बीटाचं शेत, शेतापलीकडे धावपट्टी,
आणि पहाटेपर्यंत मोजणं :
गेली नऊ. आली सात.
थांबा, आठ.
मग कॉफी थंड होईपर्यंत कुणी बोलत नसे.

माणसांना टक्के नव्हते.
तीन रकाने : मृत, जखमी, बेपत्ता.
निसेनला विमानातून उतरवलं तेव्हा
बोटं शाबूत, डोळे शाबूत,
फक्त शेजारी बसलेल्याचं रक्त
त्याच्या कानात वाळलं होतं,
आणि हाक मारली की तो दुसऱ्याच्याच नावाला ओ द्यायचा.
मी बुमकेला विचारलं, किती?
तो म्हणाला, मला इंजिनं कळतात.
निसेन कुठल्याच रकान्यात बसला नाही.
आठवड्याने पुन्हा उडाला. मग बसला.

होलरबाखचं विमान ऑक्टोबरात गेलं, पाच जणांसकट.
यंत्राचा 'ह' अडकायचा, त्याचं नाव मी दोनदा टंकलं.
तिसऱ्या दिवशी मादाम केनेल धुण्याचं गाठोडं घेऊन आली.
पाच शर्ट. कडक स्टार्च,
कॉलरच्या आत लाल दोऱ्याच्या खुणा.
तिला आमची भाषा येत नव्हती, मला तिची जेमतेम.
मी आभाळाकडे बोट दाखवलं, मग खाली.
तिने मान हलवली
आणि हात पुढे केला : धुलाईचे पैसे.
चेहऱ्यावर दुःख नव्हतं. का असावं?
तिच्या बहिणीचं घर जूनमध्ये आम्हीच जाळलेलं,
हे बुमकेने नंतर सांगितलं.
माझ्याकडे सुटे नव्हते.
तिने उरलेले परत केले, शेवटच्या सांतिमपर्यंत.

एक रकाना अजून होता :
टाकलेले बॉम्ब, किलोत.
तो कधी रिकामा राहिला नाही.
त्याच्या उजवीकडे कागद संपायचा.
खाली कुठलं शहर होतं,
दिवा मालवून जिन्याखाली कोण बसलं होतं
पोराच्या तोंडावर हात ठेवून,
ते लिहायचं म्हटलं तरी समास नव्हता.
मी समास मागितलाही नाही.
हे एवढं नोंदवून ठेवतो.

पुढे, सगळं संपत आलं तेव्हा, हिल्डेसहाइमला गेलो.
गल्लीच्या तोंडाशीच थबकलो.
आईची शेगडी
तिसऱ्या मजल्यावरून खाली येऊन रस्त्यात उभी होती,
दार उघडं, आत राख,
आमची की शेजाऱ्यांची, कोण जाणे.
डोळ्यांनी सवयीने काम केलं :
भिंत. जिना. छप्पर.
ओठ आपोआप हलले.
बुमके तोवर कुठल्या गाडीखाली, कुठल्या बर्फात होता,
त्याला उठवावं लागलं नाही.

अंगात त्या पाचांतलाच एक शर्ट होता.
झाइट्सचा. सर्वांत धाकटा, माझ्याच मापाचा.
चौघांचे घरी धाडले, हा ठेवून घेतला,
त्या हिवाळ्यात थंडी फार होती म्हणून,
किंवा म्हणून नाही.
त्याच्या आईचं पत्र आलं होतं, सुबक अक्षरात :
सामान मिळालं. मोजे, वस्तरा, माउथ ऑर्गन.
यादीत एक शर्ट आहे, पेटीत नाही.
कुठे गेला, कळवाल का?

मी उत्तर टंकलं.
एकच शब्द. रकान्यातला तिसरा.