तिसरा महिना

कागदावर ती जोनाकी.
आसामातून आली, सहा दिवस ट्रकात उभी.
तुळारामकाका तिला जानकी म्हणतात.
दोन्ही नावांना ती एकच कान वळवते.

साकोलीच्या पुढं, नहराच्या अंगाला आमचं केंद्र.
मी शिकाऊ. खाकी शर्ट मिळाला,
नावाची पट्टी अजून नाही.
पहिल्या दिवशी काका म्हणाले,
"अठरा क्विंटल आहे बरं का पोरगी."
आमच्या बांधीत एवढं धान
एका साली कधी झालं नाही.
ते चार पायांवर उभं राहून
माझ्या दिशेनं फुसकारत होतं.

पहाटे गवत तोलायचं. थोडं तणस. केळी मोजून.
मग लीद. ती रोज त्याच कोपऱ्यात टाकते,
एवढी शिस्त आमच्या आख्ख्या टोलीत नाही.
तीही तोलायची, हातानं फोडून बघायची:
काड्या किती, जंत आहेत का.
आई म्हणते, बारावी होऊन हेच का बाप्पा?

निगरगट्ट माणसाला गावात
गेंड्याच्या कातडीचा म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी वळी उघडून पाहिली नाही.
मानेखाली, काखेत ती गुलाबी आहे,
न्हाणीतून काढलेल्या लेकराच्या मांडीसारखी.
गोमाशी बसली की रक्ताचा थेंब.
तिथं मी करंजाचं तेल लावतो.
आधी बांबूला फडकं गुंडाळून,
एप्रिलपासून बोटांनी.

रंजूच्या हळदीतून परस्पर ड्युटीवर आलो त्या दिवशी
म्हटलं, "जानके, अगं मीच."
डोळे तिचे बारीक, कामाचे कमी.
नाकानं विचारलं तिनं, कोण बे तू?
आणि गज वाजले.
पाय मागं गेले माझे, मी नव्हते नेले.

काका हसले नाहीत.
"तुह्यं तोंड तिनं पाह्यलंच कधी?
जा, जुना वास घेऊन ये."
बोडीच्या काठाला बसून
कोपरापर्यंत तिचाच चिखल चोळला.
नखांतलं पिवळं तेवढं राहिलं.

दुपारी सेहेचाळीस.
मोहाखालची सावलीसुद्धा तापलेली.
फवारे सोडले, तेलाची वाटी घेऊन
गजांशी उभा राहिलो. हाक मारली नाही.
किती वेळ, सांगता येत नाही,
वाटीत दोन माशा पडून मेल्या एवढा.
मग वरचा ओठ पुढं आला,
बोटासारखा लांब झाला,
तळहात चाचपला, मनगट, परत तळहात.
नखांपाशी थांबला.

फुस्स.

आणि मान तिरपी करून तिनं वळी उघडली.

रजिस्टरात लिहिलं: गवत बावन्न, लीद एकवीस, तेल लावले.
शेऱ्याच्या रकान्यात साहेबांना
'सामान्य' लिहिलेलं आवडतं.
सामान्य, लिहिलं.

घरी मांडवात बँडवाले जेवत होते.
आई नाकाला पदर लावून म्हणाली,
आधी आंघोळ कर.
करतो, म्हटलं.
साबण नको देऊ.