च

कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली
माझं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या पंचांगाची घडी.
मराठीला पानामागं पंधरा, इंग्रजीला वीस.
मला सनद नाही, काळा कोट नाही.
मार्च उजाडल्यावर सोलापुरात
कोट नाही तेच बरं.

एका सोमवारी नरसव्वा कुरापाटी आली,
कुंभारीच्या घरकुलातून, दोन गाड्या बदलून.
हत्तुरे वकिलांसमोर दहा मिनिटं बसली.
निम्मं तेलुगू, निम्मं मराठी,
मधे मधे मुनशीच्या नावानं शिव्या.
अठरा वर्षं विडी वळली. रोजची हजार.
कोणत्या सालात छाट किती काढली, पाठ होतं तिला.
लॉगबुक कुणी काढून घेतलं, कुठल्या सणाच्या आधी.
आणि एक गोष्ट अगदी हळू,
जी मला ऐकू आली नाही.
(आमच्या धंद्यात असंच म्हणायचं असतं.)
मग फीचा आकडा ऐकला, उठली.
चहा तसाच.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वस्तातला वकील धरला.
अर्ज मीच टाइप केला. अडीच पानं.

तीन आठवड्यांनी नोटीस पोचली
आणि कारखान्याची गाडी लिंबाखाली येऊन थांबली.
मॅनेजरच्या हातात पाकीट, वर छापलेला गणपती,
कुणाच्या तरी लग्नातलं उरलेलं.
हत्तुरेंनी पाकिटाकडे पाहिलं.
मुलीची अ‍ॅडमिशन तोंडावर होती, सगळ्या बारला माहीत.
म्हणाले, "मी त्या बाईंचं ऐकलंय."

ज्युनिअर कानाशी लागला,
"सर, वकीलपत्र कुठंय? फी कुठंय?
ती तर केव्हाच दुसरीकडे गेली."

"पैसे घेतले असते तर परत दिले असते रे.
ऐकलेलं कसं परत देऊ?"

पाकीट दोन टेबलं पुढं सरकलं.
हा नियम पुस्तकात आहे म्हणतात, असेल.
मी पाहिलं ते एवढंच:
हत्तुरेंनी डबा सोडला, शेंगाचटणी, भाकरी, रोजचंच,
मग तोंडावर वर्तमानपत्र ओढून बाकावर आडवे झाले.
ना ही बाजू, ना ती.

कारखान्याचं म्हणणं टाइप करायला माझ्याकडेच आलं.
परिच्छेद चार:
"अर्जदार ही सामनेवाले यांचेकडे कामास कधीही नव्हतीच."
बोटं थांबली.
याच बोटांनी अठरा वर्षं टाइप केली होती,
आकड्यात आणि अक्षरी.
वकिलाला दोघांचं होता येत नाही.
कळफलक मात्र दोघांचा.

मनात आलं, च गाळावा.
एक अक्षर. खोटं तेवढंच जरा पातळ होईल,
आणि कळणार कुणाला?
पण आज यांचा च खाल्ला
तर उद्या तिच्या अठराचे आठ करायला
हात दुसऱ्याचा थोडाच लागणार होता.
टाइप केलं. नव्हतीच. च सकट.
तीन पानं, पंचेचाळीस रुपये. घेतले.
रात्री कडक भाकरी चावताना दाढ ठणकली.
ती आधीपासूनच दुखते.

तारीख पडली जुलैची.
वकिलानं दिलेली प्रत घेऊन नरसव्वा आली,
"वाचून दाखव, अन्ना."
वाचलं. चौथा परिच्छेद घाईत उरकावा म्हटलं,
जमलं नाही.
तिनं पदरातून पिशवी काढली, पिशवीतून
घामानं मऊ झालेला तिचा अर्ज,
आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.
तंबाखूनं काळवंडलेलं बोट
एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर.

"हे पण तूच छापलं?"
"हो."

पुष्कळ वेळ बघत राहिली.
वाचता येत नव्हतं तिला.

"अक्षर सारखंच आहे," म्हणाली.